निकालाच्या रात्रीचा स्टुडिओ: सेट, ग्राफिक्स आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की टीव्हीवरच्या निवडणूक निकालांबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, तर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं सेट आणि ग्राफिक्सबद्दलच निघाली. मी स्वतः बरीच वर्षं न्यूजरूमच्या ग्राफिक्स डेस्कवर काम केलंय, त्यामुळे ही उत्तरं लिहायला मला मनापासून आवडलं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पण एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे): यूट्यूबवर बीबीसीच्या जुन्या निवडणुकांचे व्हिडिओ बघत होतो, त्यात एक माणूस पुठ्ठ्यासारख्या तबकडीवर हाताने काटा फिरवत असतो. ते नेमकं काय आहे आणि त्याला एवढं महत्त्व का?

त्याचं नाव स्विंगोमीटर. घड्याळाच्या लंबकासारखा एक काटा, मध्ये शून्य, एका बाजूला लेबर, दुसऱ्या बाजूला कॉन्झर्व्हेटिव्ह, बस. १९५५ साली बीबीसीच्या ब्रिस्टॉल विभागासाठी पीटर मिल्न यांनी ते केलं, १९५९ ला देशभरच्या कार्यक्रमात आलं आणि १९६४ पासून रॉबर्ट मॅकेन्झी या मूळच्या कॅनडातल्या प्राध्यापकांनी ते घराघरात पोचवलं.

महत्त्व अशासाठी की त्या काट्यामागे एक हिशोब आहे. ऑक्सफर्डचे डेव्हिड बटलर यांनी 'स्विंग' मांडला तो असा: एका पक्षाची मतं किती टक्क्यांनी वाढली आणि समोरच्याची किती घटली, त्या दोन्हींची सरासरी. म्हणजे एक पक्ष ४ ने वाढला, दुसरा २ ने घसरला तर स्विंग ३ टक्के. ब्रिटनमध्ये त्या काळी लढत मुख्यतः दोनच पक्षांत होती आणि वारं बहुतेक मतदारसंघांत साधारण एकाच दिशेने वाहायचं, त्यामुळे रात्रीचे पहिले दोन-चार निकाल आले की काटा तेवढा फिरवायचा आणि हाच कल देशभर राहिला तर पार्लमेंटमध्ये कोणाच्या किती जागा होतील ते त्याच तबकडीवर वाचायचं. प्रेक्षकाला घरी बसून एका नजरेत कळतं की मागच्या वेळेपासून काय बदललं आणि त्याचा अर्थ काय. माझ्या मते आजवर निवडणुकीसाठी झालेलं हे सगळ्यात उत्तम ग्राफिक आहे.

१९७० चा किस्सा तर प्रत्येक ग्राफिक्सवाल्याने पाठ करावा असा. सगळे पोल सांगत होते की लेबर परत येणार, त्यामुळे तबकडीवर कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूचे आकडे थोडेच रंगवले होते. पहिला निकाल आला गिल्डफर्डचा, आणि कॉन्झर्व्हेटिव्हकडे गेलेला स्विंग त्या पट्टीत मावेना, शेवटी हातात ब्रश घेऊन पट्टी पुढे रंगवायला लागली. ग्राफिक तयार करताना आपण आपला अंदाजही त्यात रंगवून टाकतो, आणि मग खरा निकाल दाखवायला जागाच उरत नाही. आजही एखाद्या पक्षाचा बार अमुक उंचीच्या वर जाणारच नाही असं धरून टेम्प्लेट बनवतात, तेव्हा मला ते गिल्डफर्ड आठवतं.

मॅकेन्झी १९८१ मध्ये गेले. १९९२ ला पीटर स्नो यांनी स्विंगोमीटर भल्यामोठ्या आकारात परत आणलं, नंतर जेरेमी व्हाइन आले तोवर ते पूर्ण कॉम्प्युटरवर गेलं होतं. काटा मात्र तोच.

प्रश्न (ठाणे): मग आपल्याकडे हे स्विंगोमीटर का चाललं नाही? आपल्या चॅनेलवर फक्त बार आणि आकडे असतात.

आपल्याकडे प्रयत्न झाला आणि तो फार हुशारीने झाला, फक्त तो पडद्यावर काटा म्हणून दिसला नाही म्हणून लोकांच्या लक्षात नाही. हेच डेव्हिड बटलर १९८० च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांच्याबरोबर भारतातल्या निवडणुकांच्या आकडेवारीवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की इथे नुसता स्विंग पुरत नाही, कारण सत्ताधाऱ्यांविरुद्धची मतं किती आहेत यापेक्षा ती किती जणांत वाटली गेलीत यावर निकाल फिरतो. म्हणून त्यांनी विरोधी एकजुटीचा निर्देशांक काढला, म्हणजे विरोधकांच्या एकूण मतांपैकी सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के आहेत.

उदाहरण घ्या. सत्ताधारी ४० टक्के, विरोधक मिळून ६०. हे ६० जर ३०, २० आणि १० असे फुटले तर निर्देशांक ५० आणि सत्ताधारी ४० विरुद्ध ३० असे आरामात निवडून येतात. तेच ६० जर ४८ आणि १२ असे पडले तर निर्देशांक ८० आणि सत्ताधारी घरी. बघा, सत्ताधाऱ्यांचं एकही मत इकडचं तिकडे झालं नाही, तरी सरकार बदललं! १९७७ ला विरोधक जनता पक्ष म्हणून एकत्र आले तेव्हा काय झालं ते आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा.

दूरदर्शनवर रॉय इंग्रजीतून आणि विनोद दुआ हिंदीतून निकाल समजावून सांगायचे तेव्हा मतपत्रिका हाताने मोजायच्या असल्यामुळे निकाल दोन-तीन दिवस चालायचे आणि मध्ये मध्ये हिंदी सिनेमे लावायचे. सिनेमासाठी जागलेली एक अख्खी पिढी त्यातून स्विंग आणि एकजुटीचं गणित शिकली. सेट साधा, टेबल, कॉम्प्युटर, पाठीमागे बोर्ड, पण समजावणारा माणूस तयारीचा. २००४ ला सगळ्या ५४३ मतदारसंघांत ईव्हीएम आली, निकाल एका दिवसात आटपायला लागला आणि आकडे इतक्या वेगाने यायला लागले की समजावायला वेळच उरला नाही. बार आणि आकडे राहिले ते त्यामुळे. मला वाटतं निर्देशांकाचं ग्राफिक आज आपल्याकडे परत आणायला हवं, विशेषतः महाराष्ट्रात जिथे कोण कोणाबरोबर लढतंय यावरच अर्धा निकाल ठरतो.

प्रश्न (कोल्हापूर, मीडियाची विद्यार्थिनी): सर, अँकरच्या बाजूला विधानभवन उगवतं, खुर्च्या भरत जातात, ते अँकरला दिसत असतं का? आणि सीएनएनने खरंच होलोग्राम केला होता का?

नाही गं, अँकरला काही दिसत नाही. तिच्यासमोर रिकामी जमीन असते, फार तर हिरव्या जमिनीवर हिरव्याच टेपच्या खुणा, की इथे उभी राहा, इथे हात दाखव. कॅमेऱ्याच्या बाजूला एक मॉनिटर असतो त्यात ती स्वतःला आणि त्या विधानभवनाला एकत्र बघते आणि बोटाचा अंदाज घेते. म्हणून नवखा अँकर अशा वेळी सारखा एकाच कोपऱ्यात बघताना दिसतो.

काम असं चालतं: कॅमेरा नेमका कुठे आहे, किती वळला, किती झूम केलं ही माहिती दर फ्रेमला कॉम्प्युटरकडे जात असते, त्यासाठी छतावर खुणा लावतात आणि लेन्सवर सेन्सर. त्या माहितीवरून विझआरटीसारखं सॉफ्टवेअर किंवा गेम बनवायचं अनरिअल इंजिन ते विधानभवन त्याच कोनातून काढतं. हे सगळं करायला काही फ्रेम्सचा वेळ जातो म्हणून कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज दोन्ही तेवढेच उशिराने सोडावे लागतात, हा हिशोब चुकला की ओठ आणि आवाज जुळत नाहीत किंवा विधानभवन जमिनीवरून घसरल्यासारखं दिसतं. आणि हिरव्या सेटवर हिरव्या काठाची साडी आली की काठाच्या जागी मागचं दृश्य दिसायला लागतं, त्यामुळे निकालाच्या आदल्या दिवशी कपड्यांची ट्रायल घेतातच.

सीएनएनचं म्हणशील तर ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री वार्ताहर जेसिका येलिन शिकागोत होत्या, तिथे तंबूत त्यांच्याभोवती ३५ एचडी कॅमेरे गोलाकार लावले होते आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला कॅमेरा जसा हलेल तसा त्या ३५ मधून योग्य कोन निवडून चित्र जोडलं जायचं. स्टुडिओतले अँकर वुल्फ ब्लिट्झर यांच्यासमोर प्रत्यक्षात कोणीच नव्हतं, म्हणजे शास्त्राच्या भाषेत तो होलोग्राम नव्हताच. तंत्र म्हणून मला त्याचं कौतुक आहे, पण त्यातून निकालाबद्दल एक अक्षर जास्त कळलं नाही. त्याच वर्षी त्याच चॅनेलवर जॉन किंग बोटाने नकाशा ओढून एकेका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शिरत होते, ती जेफ हान यांच्या कंपनीने केलेली टचस्क्रीन, आणि टिकलं ते हेच. कारण त्यात प्रेक्षकाच्या मनात येणारा पुढचा प्रश्न, 'अजून कुठली मतं मोजायची राहिलीत', त्याला लगेच उत्तर मिळतं. प्रोजेक्ट करशील तेव्हा या दोघांची तुलना जरूर कर.

प्रश्न (नागपूर): निवडणुकीच्या रात्री कॉम्प्युटर पहिल्यांदा कधी आला?

४ नोव्हेंबर १९५२, अमेरिकेत सीबीएसवर, युनिव्हॅक. खरं मशीन फिलाडेल्फियात होतं, न्यूयॉर्कच्या सेटवर ठेवलं होतं ते नुसतं लुकलुकत्या दिव्यांचं डमी पॅनेल. पोल सांगत होते चुरस आहे आणि युनिव्हॅकने थोडीशीच मतं मोजून झालेली असताना सांगून टाकलं की अध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर ४३८ इलेक्टोरल मतं (राज्यांना वाटून दिलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं) मिळवून जिंकणार. लोकांचा विश्वास बसेना म्हणून ते लगेच दाखवलंच नाही, गणितात फेरफार करून सौम्य आकडा दिला आणि रात्री उशिरा मान्य केलं की मशीन आधीच बरोबर होतं. प्रत्यक्ष आकडा निघाला ४४२. सेटवर खोटे दिवे आणि खरं उत्तर दूर कुठेतरी दाबून ठेवलेलं, याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे. हे कोणी ठरवलं? आणि नकाशा बघून नेहमी वाटतं की सगळा देश लालच आहे.

कोणीच ठरवलं नाही! १९७६ ला एनबीसीने दिव्यांचा मोठा नकाशा केला तेव्हा रिपब्लिकन फोर्ड निळे होते आणि डेमोक्रॅट कार्टर लाल. पुढे बरीच वर्षं प्रत्येक चॅनेलचे रंग वेगळे असायचे. २००० ला बहुतेकांचे रंग योगायोगाने सारखे आले आणि अध्यक्षपदाचा निकाल फ्लोरिडाच्या मतमोजणीच्या वादात अडकल्यामुळे तो नकाशा डिसेंबरपर्यंत रोज लोकांसमोर राहिला, तेव्हापासून तेच पक्के झाले.

त्याच रात्री नकाशाची दुसरी बाजूही दिसली. संध्याकाळी आठच्या आत चॅनेल्सनी फ्लोरिडा डेमोक्रॅट गोर यांच्या रंगात रंगवलं, दहाच्या सुमारास काढून घेतलं, मध्यरात्रीनंतर दोन वाजून गेल्यावर रिपब्लिकन बुश यांना दिलं आणि पहाटे तेही परत घेतलं. एकदा रंग भरला की बघणाऱ्याच्या दृष्टीने निकाल लागला, खाली बारीक अक्षरात 'अंदाज' लिहून काही उपयोग नसतो.

तुमचं लाल दिसण्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. नकाशा जमीन दाखवतो, मतं माणसं देतात. मोंटाना केवढं पसरलंय आणि तुमचं न्यू जर्सी केवढंसं, पण इलेक्टोरल मतं न्यू जर्सीची कितीतरी जास्त. उपाय म्हणजे प्रत्येक जागेला सारख्याच आकाराचा षटकोन देणं. बीबीसीने २०१५ ला लंडनच्या ऑफिससमोरच्या चौकात असाच षटकोनांचा अवाढव्य नकाशा मांडला होता आणि सोफी रावर्थ त्यावर चालत चालत निकाल सांगत होत्या. आपल्याकडेही मुंबईच्या ३६ विधानसभा जागा नकाशावर एका टिंबात जातात आणि गडचिरोलीच्या ३ जागा केवढी जागा खातात ते बघा, षटकोनी नकाशाची गरज आपल्याला तुमच्याहून कमी नाही.

प्रश्न (सांगली): प्रत्येक चॅनेलवर आकडे वेगळे का असतात? सकाळी सव्वाआठला एकाकडे ४० जागांचा कल, दुसऱ्याकडे ९०, आणि आयोगाच्या साइटवर काहीच नाही. खोटं असतं का हे?

सरसकट खोटं नसतं, पण त्या वेळचा आकडा फार कच्चा असतो आणि तो कच्चा आहे हे तुम्हाला सांगितलं जात नाही, माझी तक्रार तिथे आहे.

आठला मोजणी सुरू होते ती पोस्टल मतांची, ईव्हीएम साडेआठनंतर. म्हणजे सव्वाआठचे कल पोस्टल मतांवरचे. मोजणी केंद्रात एका विधानसभा क्षेत्रासाठी साधारण १४ टेबलं लावतात, सगळ्या टेबलांवरची एकेक मशीन झाली की एक फेरी, आणि अशा वीसेक फेऱ्या सहज होतात. फेरी जाहीर झाली की तिथला स्ट्रिंगर, म्हणजे चॅनेलसाठी काम करणारा स्थानिक वार्ताहर, चॅनेलला फोन करतो, न्यूजरूममध्ये विभागवार माणसं बसलेली असतात, ती ऐकून कागदावर लिहितात, शेजारचा ऑपरेटर टाइप करतो आणि तुमच्या स्क्रीनवरची टॅली एकाने वाढते. आयोगाच्या साइटवर तीच फेरी अधिकाऱ्यांनी तपासून भरल्यावर येते, म्हणून उशिरा. मधल्या वेळात फोनवर 'पंधराशे' चं 'पाचशे' ऐकू येतं, सारख्या आडनावाचे दोन उमेदवार उलटसुलट होतात. वर एक दबाव असतो की दुसऱ्या चॅनेलने १२० दाखवले आणि आपले ८० च का. मी काम केलेल्या एका ठिकाणी तर एकाच फोनवर, फेरी कुठली हेही न विचारता, कल टाकायची घाई असायची.

एका फेरीच्या आघाडीला किती किंमत द्यायची ते २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये बघा. ईव्हीएमची सगळी मतं मोजून झाल्यावर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे फक्त एका मताचा फरक! पोस्टल मतं धरली तेव्हा वायकर ४८ मतांनी निवडून आले. अशा जागेचा रंग दुपारपासून स्क्रीनवर किती वेळा बदलला असेल विचार करा, आणि दर वेळी तो रंग शेजारच्या ५० हजारांच्या आघाडीवाल्या जागेइतकाच ठळक होता.

साधी मागणी आहे माझी. प्रत्येक आघाडीच्या शेजारी 'फेरी ४, एकूण २२' एवढं लिहा. एक ओळ लागते फक्त. ती दिसत नसेल तर तुम्ही आयोगाच्या साइटवर आपला मतदारसंघ उघडून मोजलेल्या फेऱ्या बघत जा, दहाच्या आधीच्या आकड्यांवर घरात पैजा लावू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): २०२४ च्या विधानसभेला दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी होत्या. स्क्रीनवर कोण कुठलं तेच कळत नव्हतं. याला काही उपाय?

ग्राफिक्स डेस्कसाठी ही खरंच अवघड परीक्षा होती. सहा मोठे पक्ष, त्यात दोन जोड्यांची नावं जवळपास सारखी, आणि वर महायुती-मविआ अशी आघाड्यांची बेरीज. भगव्याच्याच छटा भाजपला आणि दोन्ही सेनांना वाटायच्या तर लांबून टीव्ही बघणाऱ्या आजोबांना तिन्ही सारख्याच दिसतात. त्यात मराठीत 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' एवढं नाव अॅस्टनच्या म्हणजे स्क्रीनच्या तळाशी येणाऱ्या नावाच्या पट्टीत बसत नाही, लहान फॉन्ट केला की जोडाक्षरं चिकटतात, जुना फॉन्ट असेल तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

माझ्या मते अशा वेळी रंग आघाडीला द्यावा आणि पक्ष चिन्हाने दाखवावा. धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी वाजवणारा माणूस, ही चिन्हं अक्षरं न वाचताही ओळखू येतात, मतदाराने नुकतंच त्यांच्याकडे बघून बटण दाबलेलं असतं.

याहून अवघड होता 'मागच्या वेळी' चा कॉलम. २०१९ ला अखंड शिवसेना ५६, अखंड राष्ट्रवादी ५४. २०२४ ला शिंदेंची सेना ५७, ठाकरेंची २०, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, शरद पवारांची १०. आता ५७ समोर 'एकने वाढ' लिहायचं का? ठाकरेंच्या २० समोर '३६ ने घट' लिहायचं का? दोन्ही आकडे गणिताने बरोबर आणि दोन्ही दिशाभूल करणारे, कारण तुलना ज्याच्याशी करतोय तो पक्ष त्या रूपात उरलेलाच नाही. अशा ठिकाणी अधिक-उण्याचा कॉलम रिकामा ठेवावा आणि त्याऐवजी किती जागा लढवल्या, किती जिंकल्या हे द्यावं. किंवा मग विधानसभा बरखास्त होताना त्या गटाकडे किती आमदार होते ते घ्यावं, पण तसं घेतलंय हे स्क्रीनवर लिहून.

प्रश्न (पणजी): ब्रिटनमध्ये रात्री दहाच्या ठोक्याला जो आकडा येतो तो एवढा बरोबर कसा येतो, आणि त्यासाठी एवढा मोठा सेट कशाला?

दहाला मतदान संपतं आणि त्याच क्षणी एक्झिट पोल. बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय मिळून एकच पोल करतात, प्रा. जॉन कर्टिस यांची टीम तो बघते. शक्य तितकी मतदान केंद्रं मागच्या वेळचीच घेतात आणि तिथे काय बदललं ते मोजतात, म्हणजे परत बटलर यांचंच तत्त्व. २०१५ ला त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह ३१६ सांगितले, तोवरचे पोल त्रिशंकू सांगत होते, प्रत्यक्षात ३३१ आले. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते पॅडी अ‍ॅशडाउन थेट प्रक्षेपणात म्हणाले होते की हा आकडा खरा ठरला तर मी माझी टोपी खाईन!

सेट मोठा लागतो कारण रात्रभर तिथे वेगवेगळी कामं एकाच वेळी चालतात, अँकर, पाहुणे, आकडे बघणारे, टचस्क्रीन, व्हर्च्युअल ग्राफिक्सची मोकळी जागा, आणि कॅमेऱ्यांना फिरायला वाट. बीबीसी आधी टेलिव्हिजन सेंटरच्या सगळ्यात मोठ्या स्टुडिओत हे करायची, ती इमारत सोडल्यावर २०१५ आणि २०१७ ला एल्स्ट्रीचा स्टुडिओ घेतला. एक्झिट पोलनंतर साधारण पाऊण ते दीड तासात पहिला निकाल येतो, बहुतेक वेळा संडरलँडकडून, तिथे पोरं मतपेट्या घेऊन अक्षरशः धावत हॉलमध्ये शिरतात. त्या धावण्यासाठी एक कॅमेरा आधीपासून लावून ठेवलेला असतो.